तुम्ही विचारलंत म्हणून: मोठाईचं केलं कोणी?

"तुमच्या मोठाईला पोटचं कोणी नव्हतं ना? मग शेवटची साडेतीन वर्षं तिचं केलं कोणी?"

लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात, परवा तर चक्क दाताच्या डॉक्टरकडं बसलो असताना, हा प्रश्न मला कितीदा आला याला मोजदाद नाही. विचारणाऱ्याच्या तोंडावर उत्तर आधीच असतं: पुतण्यानंच केलं असणार. मी बरीच वर्षं ते खोडलं नाही. गप्प राहिलं की लोक म्हणतात, "आजकाल कोण करते हो एवढं!" आणि ऐकायला बरं वाटतं. तर आता एकदा नीट सांगतो. मी केलं नाही. मी पैसे पाठवले आणि दर दुसऱ्या शनिवारी नागपूरहून एसटीनं गेलो.

मोठाई म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या अंगाला. मोठे बाबा लवकर गेले. सहा एकर वावर तिनं एकटीनं वाहिलं, आणि मला शाळेसाठी जवळ ठेवून घेतलं तेही तिनंच.

बाई कशी होती, तर एक प्रसंग पुरे. कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस सरकारलाच विकायचा, १९७२ साली सुरू झाली. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्याकडं हिवाळा म्हणजे खरेदी केंद्राबाहेरची बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग. रांगेत सगळे बाप्ये, आणि आमच्या बंडीवर ती. मी नऊ-दहा वर्षांचा. दोन रात्री बंडीखाली झोपलो. तिसऱ्या दिवशी ग्रेडर आला, आमच्या एच-४ जातीच्या कापसाची चिमूट घेतली, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढला आणि खालचा ग्रेड सांगून पुढं निघाला. आमच्या पुढच्या बंडीला, जी एका वजनदार माणसाची होती, वरचा ग्रेड मिळाला होता. मोठाईनं त्या बंडीतली मूठभर उचलली, आपली मूठभर उचलली, दोन्ही हात पाठीमागं नेले, पुन्हा पुढं केले. "सांग, कोनती कोनाची?"

ग्रेडर नुसता बघत राहिला. रांगेत हशा झाला. ग्रेड मात्र बदलला नाही. तिनं बैल जुंपले, भरलेली बंडी घरी परत आणली आणि चार दिवसांनी, ग्रेडर बदलल्यावर, पुन्हा नेली. येताना वाटभर एकच शब्द घोळवत होती: मुडद्या.

तो शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

२०१४ चा पोळा झाला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदी ओढत दारात आली आणि मोठाई ओट्यावर बसून बोजारा वाटत होती, एकेकाला पाच रुपयांचं नाणं. एक नाणं तिच्या उजव्या हातातून पडलं. उचलून दिलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा पोरं हसली, मीही हसलो. म्हटलं, रात्रीचं जागरण आहे, हात मुंग्यावला असेल. चहा दिला, झोपवलं. दिवेलागणीला उठवायला गेलो तर तोंड वाकडं झालेलं. गाडी करून शहरातल्या दवाखान्यात पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सुरू कधी झालं?" मी म्हटलं, सकाळी अकराला. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते काही बोलले नाहीत, कागदावर वेळ लिहून घेतली. यावर मी जास्त लिहिणार नाही.

उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. म्हणजे सगळी नाही. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की जुळवून बोलायचं गेलं तरी तोंडात मुरलेलं कधीकधी उरतं: शिव्या, गाणी, देवाची नावं. मोठाईकडं दोन गोष्टी उरल्या. भुलाबाईची गाणी, जी कोणी सुरुवात करून दिली की ती शेवटपर्यंत न अडखळता म्हणायची. आणि "मुडद्या". पाणी हवं, मुडद्या. पाणी नको, मुडद्या. मी आलो की मुडद्या, मी निघालो की मुडद्या, पण हा दुसरा जरा लांबवलेला.

आता केलं कोणी.

आमच्या वावराला लागून ज्यांचं वावर, त्या काकूनं. तिचं नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. मोठाई आणि ती, दोघींचं धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, वीस वर्षांचं भांडण. दर पेरणीला कोणीतरी दोन तासं, म्हणजे पेरणीच्या दोन ओळी, आत सरकायचं, मग दोघी धुऱ्यावर उभ्या राहून एकमेकींच्या माहेरापर्यंत पोचायच्या. मोजणी दोनदा झाली, दोन्ही वेळा दोघींनाही पटली नाही. मोठाईला दवाखान्यातून आणलं त्या संध्याकाळी काकू आली, मला बाजूला सारलं आणि म्हणाली, "तुले जमनार नाई. सरक, मी करतो."

दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील, असं दवाखान्यात सांगितलं होतं. दिवसा एसटीच्या वेळा होत्या: सकाळची गाडी गेली की डावीकडं, दुपारची आली की उजवीकडं. रात्रीचं काय? तर शेतीच्या पंपाची लाईट आमच्याकडं काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की काकूचा पोरगा गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला निघायचा आणि जाताना आमच्या दारावर थाप मारायचा. आत मायलेक मिळून मोठाईला वळवायचे आणि तो वावरात जायचा. परतताना पुन्हा थाप. लाईट दिवसाची असली की काकू अंदाजानंच उठायची. साडेतीन वर्षांत पाठीवर एक जखम झाली, तीही भरली. बऱ्याच मोठ्या दवाखान्यांतही हे जमत नाही.

मी काय केलं? हवेची गादी आणली. चांगली महागाची, पंपावर फुगणारी. लाईट गेली की ती बसायची, आणि लाईट रोज जायची. आठ दिवसांत ती माळ्यावर गेली, अजून तिथंच आहे. काकूनं आमच्याच वावरातला कापूस हातानं सरकी काढून छोट्या उशांत भरला. टाचांखाली, घोट्यांमध्ये, कमरेपाशी. एकदा उशीची शिवण उसवली तेव्हा मोठाईनं डाव्या हातानं चिमूट बाहेर काढली, एक टोक दातात धरलं आणि धागा ओढून लांबी बघितली. मग माझ्याकडं बघून, अगदी समाधानानं: "मुडद्या."

पाणी पाजलं की तिला ठसका लागायचा, जीव घाबरा व्हायचा. काकूनं पाणी कमी करून ज्वारीची आंबील सुरू केली, जरा घट्टच. ठसका थांबला. गिळायला त्रास असलेल्याला पातळापेक्षा घट्ट सोपं जातं, हे मला पुढं एका डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मी काकूला जाऊन सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग? मी का खेळून रायली होती?"

आशाताई यायची, प्रेशर बघायला. आशा कार्यकर्तीला तेव्हा कामागणिक पैसे मिळायचे, बाळंतपणाचे, लसीकरणाचे. लकव्याच्या म्हातारीचे त्यांत कुठं बसायचे? तरी यायची. बसल्या बसल्या मोठाईचे केस विंचरून द्यायची आणि भुलाबाईचं एखादं गाणं सुरू करून द्यायची. चक्कीवरचा पोरगा संध्याकाळी पिठाच्या अंगानंच येऊन तिला उचलून ओट्यावर आणायचा. तिच्या लुगड्यावर त्याच्या हाताचे पांढरे ठसे उमटायचे. तीही त्याला रोज शिवी द्यायची. एक दिवस तिनं दिली नाही, तर तो घाबरून मला फोन करून मोकळा झाला.

काकूला मी एकदा विचारलं होतं, भीत भीतच. एवढं भांडण असताना काऊन? ती भांडी घासत होती. "भांडन धुऱ्याचं होतं. तिचं काय त्यात?" एवढं म्हणून तिनं मला राखेचं डबडं आणायला पिटाळलं.

मोठाई २०१८ च्या माघात गेली. जूनमध्ये वखरणीला ट्रॅक्टर आला तेव्हा काकू धुऱ्यावर उभी होती. ड्रायव्हरला ओरडून म्हणाली, "तिकून घे रे, बुढीची हद्द तिथवर हाय." मला आठवत होती त्याहून दोन तासं जास्तच निघाली.

पुढल्या वर्षी मात्र तिनं एक तास आत घेतलंच. मी काही बोललो नाही. मोठाई असती तर बोलली असती.