चुकून लागला

शनिवार, रात्रीचे साडेदहा

'चुकून लागला गं.' तीन शब्द. कालपासून डोक्यात तेच घोळतायत.

गुरुवारी रात्री अकरा चाळीसला सुमीला फोन लावला आणि दोन रिंग झाल्याबरोबर कापला. चुकून वगैरे काही नाही. नाव शोधलं, पाणी प्यायला उठले, परत येऊन पुन्हा शोधलं, मग लावला. का लावला ते इथेही लिहीत नाही. आई नुकती झोपली होती.

सकाळी आठ पन्नासला तिचा मेसेज: 'कॉल केला होतास? काय गं?' दूध वर आलं होतं. एका हातात सांडशी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ते तीन शब्द टाइप केले. पुढे हसरा चेहरासुद्धा लावला. ती 'बरं' म्हणाली. संपलं.

नऊ तास दहा मिनिटं. हो, मोजली.

त्यात ते गाणं. 'यूव्ह गॉट अ फ्रेंड'. हॉस्टेलवर सुमीच्या कॅसेटमध्ये ते जेम्स टेलरच्या आवाजात होतं, म्हणून कित्येक वर्षं मला त्याचंच वाटायचं. लिहिलंय कॅरोल किंगनं. 1971 साली तिच्या 'टॅपेस्ट्री' या अल्बममध्ये ते आलं, त्याच वर्षी टेलरनंही गायलं, आणि अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं ते त्याचं. मागे जोनी मिचेल गातेय, कान दिला तर सापडते. टेलरच्या एका गाण्यात, एकटेपणात मित्र सापडला नाही अशी ओळ आहे; तिला कॅरोलनं हे उत्तर दिलं म्हणतात. नशीबवान माणूस. मला 'काय गं?' मिळालं, त्याला अख्खं गाणं.

मराठीत हे नाव नीट येतच नाही. 'तुला एक मैत्रीण आहे' म्हटलं की शेजारच्या काकू पोराची चौकशी करतायत असं वाटतं. शिवाय कॅरोलनं म्हणायचं मैत्रीण, टेलरनं म्हणायचं मित्र, म्हणजे गाणं तिथेच फुटलं. आपल्याकडे त्याला शब्द आहे: 'मी आहे ना.' सुमी येता-जाता म्हणते. मीही म्हणते. कुणाची भाजीची पिशवी धरावी इतक्या सहज.

काल रात्री झोप लागेना, तर इयरफोन लावून तेच गाणं वेगवेगळ्या गायकांच्या आवाजात एकामागून एक ऐकत बसले. अट सगळीकडे एकच: नुसतं नाव घे, मी जिथे असेन तिथून धावत येते. धावत येणाऱ्याची बाजू सगळ्यांनी गायलीय. हाक मारणाऱ्याची कुणीच नाही! जणू ते सोपं काम, म्हणून आपल्यावर सोडून दिलंय.

अरीथा फ्रँकलिननं ते 1972 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये, भजनाला जोडून गायलं. तिथे धावून येणारा थेट देवच. ते मला लगेच पटलं. देवाचा धावा करायला कुठे लाज वाटते? द्रौपदीनं केला, गजेंद्रानं केला. देव सकाळी उठून 'काय गं?' विचारत नाही. आणि आपणही त्याला 'चुकून लागला' म्हणत नाही.

डॉनी हॅथवेचं मात्र तीनदा ऐकलं. ट्रुबडूर क्लबमधलं. पहिले सूर पडताच लोक ओरडतात, आणि ध्रुवपद आलं की गाणं त्याच्या हातातून काढूनच घेतात. तो मागे पियानो वाजवत राहतो. इतकी माणसं एकदम त्यालाच सांगतायत, मी आहे ना, मी आहे ना. तो 1979 मध्ये गेला, तेहतीस वर्षांचा होता. कसा गेला ते काल नको होतं वाचायला.

मग थोडं हसूही आलं. 2015 मध्ये पॅरिसमधल्या दहशतवादी हल्ल्यानंतर निघालेल्या त्या मोठ्या मोर्चाला अमेरिकेचा कुणी बडा नेता गेला नाही, तर पाच दिवसांनी परराष्ट्रमंत्री जॉन केरी खुद्द जेम्स टेलरला गिटारसकट घेऊन पोचले, आणि त्यानं हेच गाणं म्हटलं. रुसवा काढायला! त्या हिशेबानं सुमीचे नऊ तास फारच लवकर म्हणायचे.

आज दुपारी तिच्या भावाचा पत्ता हवा होता, म्हणून आमचं चॅट वर सरकवत गेले. पत्ता सापडला नाही. मार्चमधला एक मिस्ड कॉल सापडला. सुमीचा. रात्री एक वाजून दहा मिनिटं. त्याखाली सकाळी सात वाजता तिचंच: 'अगं, चुकून लागला.'

आणि त्याखाली मी. अंगठा. पिवळा, गुबगुबीत.

मार्चमध्ये तिच्याकडे काय चाललं होतं ते मला माहीत होतं.

आत्ता पावणेअकरा झालेत. आई जागी आहे, टीव्हीचा आवाज येतोय. सुमी अकरापर्यंत तरी झोपत नाही. पाणी पिऊन आलेय.