भिंतीवरचे मोबाईल

सोमवार-बुधवार-शुक्रवार संध्याकाळी मी मंडळाच्या मैदानावर मुलींची कबड्डीची प्रॅक्टिस घेते. मैदान म्हणजे काय, शाळेमागची मोकळी जागा, एक हॅलोजन आणि रस्त्याकडेला कमरेएवढी भिंत. जूनमध्ये आमची कॉर्नरची पोरगी यायची बंद झाली, पकड अशी की समोरचीने हलून दाखवावं. आई म्हणाली, ताई दहावी आहे. मी पण मान्य केलं, दरवर्षी एकदोन गळतातच.

मग एक दिवस दुसरी एकजण लेस बांधता बांधता, वर न बघता म्हणाली, ताई ते भिंतीवर बसतात ना ते व्हिडिओ काढतात, आम्ही वाकलो की झूम करून, तिचा एक ग्रुपवर फिरला.

मी तीन दिवस आठवड्याला तिथेच उभी असते हो! पाठ भिंतीकडे.

मंडळाच्या मीटिंगमध्ये काय झालं असेल ते तुम्हाला माहितीये. पोरं आहेत, समज देऊ, आणि मुलींना फुल ट्रॅकपँट घालायला सांगा (एका पोराचे काका खजिनदार आहेत, ते सगळ्यात आधी बोलले). दोनशे रुपये वर्गणीची पावती फाडणाऱ्या मंडळात मुलीने तक्रार कुणाकडे करायची हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि मलाही कधी सुचलं नव्हतं.

नंतर वाचत बसले. 2013 च्या लैंगिक छळाच्या कायद्यात कामाच्या जागेत स्टेडियम, क्रीडा संकुल, स्पर्धेची जागा हे पण येतं, बाई तिथे नोकरीला असलीच पाहिजे असं नाही. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तीन महिन्यांत तक्रार द्यायची. पण आमच्या पोरी अठराच्या आतल्या, म्हणजे पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा), तिथे कळलं की पोलिसांना कळवावंच लागतं, "आपसात मिटवू" हा ऑप्शनच नाही. मी तिच्या आईबाबांना भेटले आणि आम्ही तिघं पोलीस स्टेशनला गेलो.

आता बोर्डवर दोन नंबर आहेत, एक माझा, एक मंडळाबाहेरच्या रिटायर्ड बाईंचा, कारण तक्रार माझ्याबद्दलही असू शकते. मुलींना पर्सनल मेसेज बंद, जे काय ते पालकांच्या ग्रुपवर. आणि मी आता भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

ती अजून आलेली नाही. खजिनदार बोलत नाहीत, हॅलोजनच्या स्विचची किल्ली त्यांच्याकडे असते, त्यामुळे हल्ली आठाच्या ठोक्याला अंधार होतो, चढाई चालू असली तरी.