पटत नाही, तर सोडत का नाही?

तंत्रज्ञान कंपन्यांच्या सत्तेबद्दल मी बोलायला लागलो की कुणीतरी हमखास विचारतं, "एवढं खुपतं तर सोडून द्या ना, बळजबरी कुणी केलीय?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

सोडून पाहिलं होतं. व्हॉट्सॲप काढून टाकलं आणि दोन महिने तसाच राहिलो. आपलं काहीच अडत नाही असं वाटायचं, कारण अडत होतं ते इतरांचं. घरातलं जे काही ग्रुपवर ठरायचं, ते बहीण मला वेगळा फोन करून पुन्हा सांगायची. एक दिवस तिचाही फोन राहून गेला, आणि जवळच्या माणसाच्या निधनाची बातमी मला तिसऱ्या दिवशी कळली. त्याच संध्याकाळी परत आलो.

बळजबरी ती हीच. माझी माणसं आत आहेत आणि बाहेरून त्यांना हाक मारता येत नाही. फोनचं असं नसतं. तुमची कंपनी वेगळी, माझी वेगळी, तरी फोन लागतो. ईमेलही कुठूनही कुठेही पोचते, कारण तिचे नियम सामाईक आहेत. चॅटचंही तसं करता आलं असतं. पण कुंपण असलं की माणसं टिकतात, हे मालकांना पक्कं ठाऊक आहे.

शिवाय जायचं कुठे? फेसबुकला कंटाळून जे इन्स्टाग्रामकडे वळले, त्यांच्या मागोमाग २०१२ मध्ये फेसबुकच एक अब्ज डॉलर मोजायला तयार होऊन तिथे पोचलं. इन्स्टाग्राममध्ये तेव्हा जेमतेम १३ माणसं कामाला होती. २०१४ मध्ये व्हॉट्सॲपचा सौदा जाहीर झाला, १९ अब्जांचा. मग ४ ऑक्टोबर २०२१ ला देखभालीच्या कामात एक चुकीची आज्ञा दिली गेली आणि तिन्ही सेवा जगभर सुमारे सहा तास बंद पडल्या. वेगवेगळी वाटलेली दारं एकाच वाड्याची होती.

गूगलचंही बघा. फोन आणि ब्राउझरमध्ये आपलाच शोध आधीपासून बसवलेला असावा, यासाठी त्यांनी एकट्या २०२१ मध्ये २६.३ अब्ज डॉलर दिले. हा आकडा अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. लोक आपखुशीनेच गूगल निवडत असते, तर एवढा पैसा ओतायची गरज पडली नसती.

म्हणून "सोडा" या सल्ल्याचा मला राग येतो. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल मार्केट्स ॲक्टमधली एक तरतूद मला फार मोलाची वाटते: दुसऱ्या सेवेने मागणी केली, तर बड्या चॅट कंपनीने तिच्याशी मेसेजची देवाणघेवाण होऊ द्यायची. अशी सोय सगळीकडे झाली की मी दुसऱ्याच दिवशी निघेन, आणि बहिणीला वेगळा फोन करावा लागणार नाही.