चार रिळांचा चित्रपट किती मिनिटांचा?

लहानपणी आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात ‘रीळ’ म्हणजे आईच्या शिवणयंत्राच्या खणातले दोऱ्याचे रीळ. चित्रपटाचेही रीळच असते हे कळल्यावर दोन्हींना एकच शब्द कसा, हा प्रश्न बराच काळ मनात राहिला. इंग्रजीतला मूळ शब्द सूत गुंडाळण्याच्या साधनाचा. चित्रफीत गुंडाळायलाही तसेच चाक लागले आणि जुनेच नाव पुढे चालले. मराठीने तो शब्द घेताना शेवटी ‘ळ’ लावला. तो ‘ळ’ मला फार मोलाचा वाटतो, कारण ‘रिळे’, ‘रिळाला’, ‘चार रिळांचा’ अशी रूपे त्यामुळे अगदी घरच्या शब्दासारखी होतात.

मूकपटांच्या काळात चित्रपटाची लांबी रिळांत मोजत. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फितीवर एका फुटात सोळा चौकटी, म्हणजे सोळा स्थिर चित्रे, बसतात आणि एका रिळात साधारण हजार फूट फीत मावते. मात्र ती किती वेळ चालेल, हे सांगणे तेव्हा कठीण होते, कारण कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवला जाई आणि पडद्यावर दाखवण्याची गतीही सगळीकडे सारखी नसे. सेकंदाला सोळा चौकटी धरल्या तर हजार फूट पावणेसतरा मिनिटे चालतात. बोलपट आल्यावर ध्वनी बिघडू नये म्हणून गती चोवीस चौकटींवर स्थिर करावी लागली आणि तेवढेच रीळ अकरा मिनिटांत संपू लागले.

दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा, सुमारे ३,७०० फुटांचा होता. सोळाच्या गतीने तो तासाभराचा होतो, तर चोवीसच्या गतीने एक्केचाळीस मिनिटांचा. म्हणून जुन्या मूकपटाची लांबी मिनिटांत वाचताना त्यामागे कोणती गती धरली आहे, हे विचारलेच पाहिजे. फूट आणि रिळे हे आकडे त्या मानाने भरवशाचे, कारण यंत्र कसेही फिरवले तरी फीत तेवढीच राहते.

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात या चित्रपटाची म्हणून ओळखली जाणारी दोन रिळे जपलेली आहेत, पहिले आणि शेवटचे. त्या रस्त्याने जाताना मला मधल्या दोन रिळांची आठवण होते.