पाणी ८ डिग्री, बोटं बंद: थंडीतल्या डिटेक्टिंगचा डिसेंबरपर्यंतचा हिशोब

मंडळी, ऑक्टोबर संपला की मेटल डिटेक्टरचं मशीन माळ्यावर टाकणार असं म्हणलो होतो, नाही टाकलं. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर खरी मजा उन्हाळा संपल्यावरच आहे हो, नॉरईस्टर वादळ येऊन गेलं की वरची वाळू खरवडून निघते आणि उन्हाळ्यात पोहणाऱ्यांच्या आकसलेल्या बोटांतून निसटलेल्या अंगठ्या आपल्या आवाक्यात येतात, शिवाय बीचवर चिटपाखरू नसतं. अडचण एकच, पाणी. ऑक्टोबरात माझ्या थर्मामीटरवर १६ होतं, परवा लाँग ब्रँचला ८.

नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीत ४० मिनिटांत बाहेर आलो, दात वाजत होते. ५ मिलिमीटरचे निओप्रीनचे चेस्ट वेडर (पाण्यात उभं राहायची, छातीपर्यंत येणारी बुटासकटची विजार) घातले होते, तरी. चूक आत होती, खाली कॉटनची ट्रॅकपँट आणि टीशर्ट. पार्किंगपासून पाण्यापर्यंत मशीन आणि स्कूप (वाळू उपसून गाळायचं जाळीचं फावडं) घेऊन चालतानाच घाम आला, कॉटनने तो पिऊन घेतला आणि मग पाण्यात उभं राहून मी ओल्या कपड्यात गारठलो, वेडरमध्ये पाण्याचा थेंबही न जाता. आता अंगाला चिकटून मेरिनो लोकर, त्यावर पातळ फ्लीस, आणि चेन पाण्याशी जाऊन लावतो, चालताना उघडीच ठेवतो. एवढ्यानेच वेळ सव्वा तासावर गेला.

पायाचं उलटं झालं. म्हणलं दोन जाड मोजे घालू, तर बूट इतके गच्च झाले की रक्तच खाली जाईना, आणि पाय आधीपेक्षा लवकर बधिर. मग त्यात ते फोडून ठेवायचे टो वॉर्मर, म्हणजे पायाची बोटं गरम ठेवायच्या पुड्या, घातल्या, त्याही मख्ख, कारण आतल्या लोखंडाच्या भुकटीला तापायला हवा लागते आणि बंद बुटात हवा कुठून येणार. एकच लोकरी मोजा आणि बोटं हलवायला जागा, बास.

डोक्याला आईने पुण्याहून पाठवलेली माकडटोपी. बायको म्हणते फोटो काढून ग्रुपवर टाकते. टाक म्हणलं, ओली झाली तरी लोकर ऊब सोडत नाही, तुझी ती फॅशनवाली टोपी लाटेच्या एका तुषारात संपते.

एक गंभीर गोष्ट. पाणी त्याच तापमानाच्या हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढतं. कॅनडाचे गॉर्डन गिझब्रेख्ट नावाचे संशोधक आहेत, त्यांचा १-१०-१ चा हिशोब पाठ करून ठेवा: गार पाण्यात पडलात तर श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय धड चालतात ती १० मिनिटं, आणि थंडीने शुद्ध जायला साधारण १ तास. म्हणजे मधली १० मिनिटंच कामाची. म्हणून वेडरवर कमरेला पट्टा करकचून बांधतो, पडलो तर पाणी पटकन खाली भरत नाही. कमरेच्या वर पाण्यात जात नाही आणि एकटा तर नाहीच, बायको गाडीत हीटर लावून, थर्मास घेऊन, मला शिव्या देत बसलेली असते.

वेडरला पिनाएवढं भोक पडलं होतं, पायाला गार ओल लागायची पण सापडेना. रात्री बाथरूममधला दिवा बंद करून आत टॉर्च घातला, गुडघ्याच्या शिवणीवर चांदणीसारखा ठिपका चमकला. बाहेरून गोंद लावून २४ तास सुकवलं, अजून टिकलंय.

आता खरं दुखणं, हात. अंग गरम असतं, पाय ठीक, आणि बोटं २० मिनिटांत लाकडं. ५ मिलिमीटरचे ग्लोव्ह्ज घेतले, पाण्यात शिरायच्या आधी त्यात थर्मासमधलं कोमट पाणी ओततो, (कोमट हं, मी पहिल्यांदा चटका लावून घेतलाय) त्याने बराच वेळ निभतो. पण त्या ग्लोव्ह्जमध्ये माझ्या डिटेक्टरची, इक्विनॉक्स ८०० ची, बटणं दाबताच येत नाहीत, म्हणून बीच मोड, सेन्सिटिव्हिटी सगळं वाळूवरच लावून घेतो.

परवाचंच सांगतो. मशीनच्या पडद्यावर स्थिर १३ चा आकडा, इथे निकेल म्हणजे ५ सेंटचं नाणंही १३ च देतं आणि कॅन उघडायची कडीही तिथेच आसपास, म्हणून फार अपेक्षा नव्हती. स्कूप वर काढला, वाळू गाळली, जाळीत पिवळं काहीतरी गोल दिसलं. दोन बोटांत धरलं, म्हणजे धरलंय असं वाटलं, बोटांना काही कळतच नव्हतं. लाट आली आणि ते गेलं. पुढची १५ मिनिटं त्याच जागी झाडू मारल्यासारखी कॉइल (मशीनची खालची तबकडी) फिरवली, हाती आलं एक शिशाचं मासेमारीचं वजन आणि कॅनच्या दोन कड्या. बायकोला सांगितलंच नाही, कुठल्या तोंडाने सांगू.

आता हाताने काही उचलायचंच नाही ठरवलंय. कमरेला जाळीची पिशवी, स्कूप थेट त्यात उलटा करायचा, काय निघालं ते गाडीत चहा पिताना बघायचं. पुढच्या शनिवारी ओहोटी सकाळी आहे, तीच जागा, बाथरूमच्या इमारतीसमोरचा तिसरा खांब धरून सरळ रेषेत.