बहात्तर फोटोंचा रोल

काल दुपारी बाथरूममध्ये पाट टाकून ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचे दोन रोल डेव्हलप केले, एक फोमापॅन ४०० आणि एक केंटमियर ४००, दोघींची तुलना करायला. एप्रिलचं नळाचं पाणी आणि केमिकलला हवं २० डिग्री, म्हणून बादलीत बर्फाचे दोन ट्रे उलटे केले तर बाहेरून बायको ओरडली, पन्ह्याला तरी चार खडे ठेव रे.

कॅमेरा काकांचा, ऑलिंपस पेन ईई-२. हाफ फ्रेम, म्हणजे ३६ च्या रोलवर ७२ फोटो, शिवाय बॅटरी लागत नाही, भिंगाभोवतीच्या त्या मण्यांवर उजेड पडला की झालं. काका बाहेर कटिंगच पिणार, एसटीत मला तेरावं लागलं तरी हाफ तिकीट काढणार, मग कॅमेराही असला घेतला यात नवल नाही. यात फ्रेमच उभी, त्यामुळे सगळं घर एका फोटोत घ्यायचं तर काका कॅमेरा उभा धरून मान वाकडी करायचे, आम्ही हसायचो, आणि तोच फोटो यायचा. उजेड कमी असला की व्ह्यूफाइंडरमध्ये लाल जीभ वर येते आणि बटण दाबलंच जात नाही, म्हणून आमच्याकडे गणपतीच्या रात्रीच्या आरतीचा एकही फोटो नाही. आहेत ते सगळे दुपारी ओसरीवर, डोळे बारीक केलेले.

आणि रोल संपायचाच नाही. या गणपतीत घातलेला पुढच्या गणपतीला धुवायला जायचा. एका रोलमध्ये चुलतभाऊ आधी मुंजीतला बोडका आणि थोड्याच फोटोंनंतर तेल लावून भांग पाडलेला.

तर तुलना. दोन्ही फिल्म स्वस्तातल्या, फोमा चेक, केंटमियर इंग्लंडची, इलफर्ड फिल्म बनवणाऱ्या हारमन कंपनीचीच. हाफ फ्रेमची निगेटिव्ह १८ बाय २४ मिलिमीटर, ती मोठी करताना ग्रेन, म्हणजे फोटोतला रवाळपणा, लपत नाही. फोमा म्हणजे जाडा रवा, केंटमियर बारीक. फोमाच्या डबीवरचं ४००, म्हणजे फिल्मचा वेग, आकडा मोठा तितका उजेड कमी लागतो, जरा उत्साहात छापलंय असं माझं मत, मी कॅमेऱ्यावर २०० लाच लावतो, नाहीतर सावल्या काळ्याठिक्कर.

पण खरं सांगू का, फोमा घातली जूनमध्ये आणि संपली दिवाळीत, केंटमियर घातली दिवाळीत आणि संपली परवा. म्हणजे एकीत नुसत्या छत्र्या आणि ओल्या भिंती, दुसरीत गच्चीवरच्या कुरडया, त्याही इतक्या स्वच्छ की शेव न् शेव मोजून घ्या. पावसात फोमाचा ग्रेन इतका शोभतो की पाऊस कुठला आणि फिल्म कुठली कळत नाही. मग यात फिल्मची तुलना किती आणि ऋतूंची किती, देव जाणे. एक मित्र रोज विचारतोय कुठली घेऊ, त्याला म्हटलं कधी घालणार ते सांग.

निगेटिव्ह कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून टांगल्या आणि काकांना फोन केला. ग्रेन वगैरे सांगायला लागलो तर मधेच म्हणाले, "ते राहू दे, किती आले?"

"दोन्ही मिळून १३९."

"आणि पाच?"

रोल संपवायला शेवटी भिंतीचे काढले होते, ते कोण सांगणार. म्हटलं, काका, बर्फ वितळतोय, ठेवतो.