कोहेन हा वैद्य नव्हता

जेरुसलेमच्या तल्बिये भागात मी राहते. तेथून जवळच, उंच दगडी भिंतीच्या आत, एक जुनी भारदस्त इमारत उभी आहे. १८८७ मध्ये कॉनराड शिक या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार जर्मन मोराव्हियन ख्रिस्ती मंडळींनी ती कुष्ठरुग्णांसाठी बांधली. आज तेथे कलाकेंद्र आहे आणि १८७३ मध्ये कुष्ठाचा जंतू शोधणाऱ्या नॉर्वेच्या डॉ. हान्सेन यांच्या नावाने ती वास्तू ओळखली जाते.

वसंत ऋतूत येथील सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, बायबलच्या जुन्या करारातील लेवीय ग्रंथाचे ‘ताझरिया’ आणि ‘मेत्सोरा’ हे भाग वाचले जातात. त्यांत ‘त्साराअत’ नावाच्या चट्ट्यांचे तपशीलवार नियम आहेत. मराठी बायबलात हा शब्द ‘महारोग’ असा आला आहे, आणि महारोग म्हटले की आपल्याला आनंदवनच आठवते. त्यामुळे हे नियम म्हणजे प्राचीन काळातील साथरोग-प्रतिबंधाची व्यवस्थाच असावी, असे मी बरीच वर्षे गृहीत धरले होते. सात दिवस वेगळे ठेवणे, कपडे धुणे, वस्तीबाहेर राहणे हे सारे त्या समजुतीत चपखल बसत होते. शेजारी राहणाऱ्या, अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबातील एका आजींनी ती समजूत मोडली. “अगं, दुखणं नाही ते. सुतक म्हण,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि मी मूळ अध्याय नव्याने वाचायला घेतले.

सुतक असलेल्या घरातील माणसांना आपण आजारी समजत नाही किंवा पापीही समजत नाही. ती काही दिवस देवळात जात नाहीत, इतकेच. हिब्रूतील ‘तुमा’ ही अवस्था बरीचशी अशीच आहे. बाळंतपण, मासिक पाळी, प्रेताचा स्पर्श, शरीरातील काही स्राव आणि त्साराअत यांमुळे ती लागते. मृताला मूठमाती देणे हे तर कर्तव्यच होते, तरी ते करणारा सात दिवस तुमेत राही. प्रश्न होता तो पवित्रस्थानाजवळ जाण्याचा. म्हणूनच जेरुसलेममधील ज्यूंच्या प्राचीन मंदिराच्या टेकडीच्या दक्षिण पायथ्याशी उत्खननात पायऱ्या असलेली इतकी स्नानकुंडे सापडली आहेत. त्या कुंडांना ‘मिक्वे’ म्हणतात.

हे नियम संसर्ग रोखण्यासाठी नव्हते, याची खात्री मला त्यांच्या तपशिलातूनच पटली. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग दिसले, तर कोहेन, म्हणजे पुरोहित, तपासायला येण्याआधी घर रिकामे करावे अशी स्पष्ट आज्ञा आहे. हेतू असा की, त्याने घर अशुद्ध ठरवलेच तर आतील भांडीकुंडी त्यात सापडू नयेत. रोगाची भीती असती, तर तेच सामान आधी बाहेर काढण्याला काहीच अर्थ उरला नसता. चट्टा पसरत जाऊन सर्वांग पांढरे झाले, तर तो माणूस शुद्ध ठरतो. पुन्हा कोठे लाल मांस दिसले, तर मात्र अशुद्ध. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहाच्या ‘नेगाईम’ या प्रकरणात नवरदेवाला लग्नाचे सात दिवस उलटेपर्यंत तपासणीतून सूट दिली आहे. ढगाळ दिवशी तपासणी करू नये, असेही तेथे म्हटले आहे. मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो आणखी एक नियम. चट्ट्याची पारख एखादा जाणकार करू शकतो, पण ‘अशुद्ध’ हा शब्द कोहेननेच उच्चारायला हवा. त्याला त्यातले कळत नसेल तर जाणकार त्याला सांगतो आणि तो ते उच्चारतो. तोवर ती व्यक्ती अशुद्ध नसते. कोहेन औषध देत नसे आणि उपचारही करीत नसे.

मग महारोग आला कोठून? बायबलच्या ग्रीक अनुवादकांनी त्साराअतसाठी ‘लेप्रा’ हा शब्द वापरला, ज्याचा अर्थ त्या काळी खवले धरणारा त्वचाविकार असा होता. पुढे तोच शब्द कुष्ठाला चिकटला. लेवीय ग्रंथात त्वचेच्या बधिरतेचा किंवा बोटे झडण्याचा उल्लेखही नाही. कुष्ठ या शहरात पूर्वी होते, हे मात्र खरे. हिन्नोम दरीतील आकेल्दामा येथे पहिल्या शतकातील एका कबरीत आच्छादनासह मिळालेल्या अवशेषांत कुष्ठजंतूचा डीएनए आढळल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु ग्रंथातील चट्टे आणि हा जंतू यांना एकच मानण्याची किंमत नंतरच्या शतकांतील रुग्णांनी मोजली, आणि त्या उंच भिंतीकडे पाहताना मला ते फार जाणवते.

याचा अर्थ मूळ नियम सौम्य होते असा नाही. त्साराअत झालेल्याने कपडे फाडावेत, वरचा ओठ झाकून “तामे, तामे” म्हणजे “अशुद्ध, अशुद्ध” असे ओरडावे आणि वस्तीबाहेर ‘बादाद’, एकटे, राहावे, अशी आज्ञा आहे. कोरोनाच्या काळात येथे सक्तीच्या विलगीकरणाला ‘बिदुद’ म्हणत. त्याचा धातू तोच. तरीही आपल्याकडच्या अस्पृश्यतेच्या विटाळाशी याची बरोबरी करू नये, असे मला ठामपणे वाटते. तो विटाळ जन्मावरून लादला गेला आणि त्याला शुद्धीची वाटच नव्हती. तुमा मात्र खुद्द महायाजकालाही लागू शकते आणि तिच्यातून परतण्याचा विधी ठरलेला असतो.

तो विधी मला विशेष प्रिय आहे. चट्टा गेल्यावर त्या माणसाने कोहेनकडे धाव घ्यायची नसते. कोहेन स्वतः छावणीबाहेर त्याच्याकडे जातो. दोन जिवंत पक्षी आणले जातात. एकाचा मातीच्या भांड्यात वाहत्या पाण्यावर वध होतो आणि दुसरा मोकळ्या रानात सोडला जातो. आठव्या दिवशी अर्पणे द्यायची असतात आणि गरिबाला ती कमी केलेली आहेत. मग कोहेन अर्पणाचे रक्त आणि त्यावर तेल त्या माणसाच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतो. पहिला महायाजक अहरोन आणि त्याच्या मुलांना याजकपदाची दीक्षा देताना मोशेने रक्त लावले होते, ते याच तीन ठिकाणी.